येसाजीचं ऑपरेशन

महाडच्या बाजारात डॉक्टर अजमल खतीब यांचा दवाखाना होता, आणि त्या दवाखान्याची एक रीत होती. इंग्रजी शाळेतला एखादा मुलगा येऊन "मला डॉक्टर व्हायचंय" म्हणाला, की डॉक्टर त्याला उपदेश करत बसत नसत. ते म्हणत, "आधी एक ऑपरेशन बघ. भिंतीला पाठ लावून उभा राहा, कशाला हात लावू नकोस. मग घरी जाऊन जेव. जेवण गेलं, तर परत ये." त्यांच्या मुंबईच्या गुरूंनी त्यांना असंच उभं केलं होतं, म्हणून तेही तसंच करत. आजवर दोन मुलं त्या भिंतीशी उभी राहिली होती. एक चाकू लागायच्या आधीच मटकन खाली बसला, आणि दुसऱ्याला मागच्या अंगणात नेऊन तोंडावर पाणी मारावं लागलं. पहिला पुढे मामलेदार कचेरीत चिकटला, दुसऱ्याने कापडाचं दुकान काढलं. दोघांचंही उत्तम चाललं होतं.

तिसरा मुरारी. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातली एक वाडी आहे, तिथल्या येसाजीचा हा एकुलता एक मुलगा. महाडला एका नातलगाकडे राहून मॅट्रिकच्या वर्गात शिकत होता. पायाला गळू झालं म्हणून दवाखान्यात आला, आणि डॉक्टरांनी ते फोडायला घेतलं तेव्हा डोळे मिटायचे सोडून हा मान उंच करून बघू लागला.

"काय बघतोस रे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आत काय हाय ते."

डॉक्टर हसले. गळू बरं झालं तरी मुरारीचं दवाखान्यात येणं काही थांबलं नाही. भिंतीशी उभा राहिलास आणि टिकलास, तर मुंबईला माझ्या गुरूंकडे तुझ्यासाठी शब्द टाकीन, असं डॉक्टरांनी कबूल केलं. आता फक्त ऑपरेशन व्हायला हवं होतं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. त्या काळी डोंगरातला माणूस साप परवडला म्हणेल, पण चाकू नको म्हणेल. आधी अंगारा, मग वैद्याचा काढा, मग भगत, आणि सगळे हात टेकले की डॉक्टर. तोवर डॉक्टरांना करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसे.

भातझोडणीच्या दिवसांत मुरारी घरी आला. जेवताना येसाजीने विचारलं, "काय रं, बगितलीस का कापाकापी?"

"कोन तयारच होत नाय, बा. समदे भितात."

येसाजी जरा वेळ भात चिवडत बसला. त्याला स्वतःला अंतर्गळ होता, तोही जुना. डोक्यावर भारा घेतला की आतडं जांघेत उतरायचं. मग तो बांधावर आडवा व्हायचा, हाताने ते आत ढकलायचा, फडक्याने करकचून बांधायचा आणि पुन्हा भारा उचलायचा. डॉक्टरांनी एकदा तपासून सांगितलं होतं, की हे आतडं एक ना एक दिवस अडकेल आणि मग माझ्याही हातात काही राहणार नाही. त्यावर येसाजी म्हणाला होता, अडकंल तवा बघू.

आता तो म्हणाला, "मंग मला काप म्हनावं. तू ऱ्हा भिंतीला उभा."

चुलीपाशी बसलेल्या साळूबाईचा हात थांबला. तिला वाटलं, नवरा नेहमीसारखी थट्टा करतोय. पण येसाजी थट्टा करत नव्हता.

"न्हायतरी हे गाठोडं किती वर्सं वागवायचं? माजंबी काम व्हईल, पोराचंबी व्हईल." मग मुरारीकडे बघून तो म्हणाला, "बापाला कापताना बगशील ना रं? का पडशील थितंच?"

मुरारीने मान डोलवली. त्याला इतका आनंद झाला होता, की भीती वाटायचं राहूनच गेलं.

घरातून माणूस बाहेरगावी निघाला की त्याला दोन घास दहीभात खाऊ घालून मगच उंबरा ओलांडू द्यायचा, हा साळूबाईचा नेम होता. तसा तो साऱ्या वाडीचाच होता, पण साळूबाईइतका कडक कुणी पाळत नसे. तिचा थोरला भाऊ घरात भांडून उपाशीपोटी मुंबईच्या गिरणीत निघून गेला होता, आणि मानमोडीच्या तापाच्या साथीत तिकडेच मेला. तेव्हापासून तिच्या दारातून पोस्टमनसुद्धा काही खाल्ल्याशिवाय सुटत नसे. महाडला निघतानाही तिने बापलेकांना खाऊ घातलं आणि घरचे तांदूळ, दह्याचं मडकं असं सगळं गाठोड्यात बांधून स्वतःही बरोबर निघाली.

दवाखान्याच्या मागे एक पडवी होती. रोग्यांची माणसं तिथे राहत आणि अंगणात तीन दगड मांडून रांधत. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी नवराबायकोला समोर बसवून बजावलं, "आता उद्यापर्यंत पोटात काही नको. भात नको, पेज नको, पाण्याचा घोटसुद्धा नको." दोघांनी माना डोलावल्या. का नको, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. शिकल्यासवरल्या माणसांना वाटतं, एकदा नको म्हटलं की नको. कारणं ते फक्त एकमेकांना सांगतात.

सकाळी मुरारी आंघोळ करून दवाखान्यात पोचला, तेव्हा येसाजी टेबलावर आडवा झाला होता.

"काही खाल्लंबिल्लं नाहीस ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय, नाय," येसाजी घाईघाईने म्हणाला. "तुमी करा सुरू."

सदू कंपाउंडरने त्याच्या तोंडावर जाळी धरली आणि क्लोरोफॉर्मचे थेंब सोडायला सुरुवात केली. येसाजी एकदा मुरारीकडे बघून हसला, मग आकडे मोजू लागला, मग त्याचा शब्द जड झाला आणि तो झोपला. मुरारी भिंतीला पाठ लावून उभा होता. डोळे त्याने मिटले नाहीत.

डॉक्टरांनी जांघेवर चाकू फिरवला. कातडी उघडली, तिच्याखाली पिवळी चरबी दिसली, तिच्याखाली पांढरी, चिवट पट्टी. रक्त आलं तिथे डॉक्टरांनी चिमटे लावले, आणि रक्त थांबलं. माणसाचं रक्त असं चिमट्याने थांबवता येतं, हे मुरारीला माहीत नव्हतं. डॉक्टर हलक्या आवाजात बोलत होते. "ही बघ पिशवी. आतडं हिच्यात उतरतं. हे बघ, हिची वाट आता आपण शिवून टाकायची." मुरारीची पाठ भिंतीपासून कधी सुटली, त्याचं त्याला कळलं नाही. वर्षानुवर्षं बापाला बांधावर आडवं पाडणारी ती वाट बोटभर रुंद होती, आणि ती दोऱ्याने शिवता येत होती. त्याला भोवळ आली नाही, किळस आली नाही. उलट इतकं सुख झालं, की टेबलावर आपला बाप निजलाय हे तो त्या घटकेला पार विसरून गेला.

तेवढ्यात येसाजीच्या घशातून आवाज आला.

सदूने जाळी काढली. येसाजीच्या पोटाला पीळ पडला आणि तोंडातून भात बाहेर आला. डॉक्टरांनी चाकू टाकून त्याची मान वळवली, बोटाने घसा साफ केला, जीभ चिमट्याने ओढून धरली. भात येतच होता. येसाजीचा चेहरा काळानिळा पडला. डॉक्टरांनी त्याला कुशीवर घेतलं, उताणा केला, छाती दाबली, हात वर नेले, खाली आणले, पुन्हा वर नेले. सदू "बस्स करा, डॉक्टरसाहेब" म्हणाला, तरी ते थांबेनात. मुरारी बघत राहिला. कशाला हात लावायचा नाही, असं त्याला सांगितलं होतं.

सारं शांत झाल्यावर डॉक्टरांनी हात पुसले. त्यांचा घामाने भिजलेला चेहरा रागाने थरथरत होता.

"याला खायला कोणी घातलं?"

फरशीवर पडलेला भात तांबूस होता, जाडा. दह्यात कालवलेला. तो तांदूळ महाडच्या कुठल्या दुकानात मिळत नसे. तो त्यांच्या डोंगरउतारावरच्या शेतातला होता. खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. साळूबाई तीन दगडांपाशी बसून राखेने पातेलं घासत होती. नवऱ्याला बिनघोर वाटेला लावल्यासारखा तिचा चेहरा निवांत होता.

मुरारीला सगळं समजलं. आईने घातलं, कारण घालायचंच असतं. बापाने खाल्लं, कारण निघणाऱ्याने नाही म्हणायचं नसतं. आणि डॉक्टरांपाशी तो खोटं बोलला, कारण खरं सांगितलं असतं तर ऑपरेशन पुढे ढकललं गेलं असतं आणि पोराचं बघणं राहिलं असतं.

डॉक्टर दाराकडे निघाले. मुरारीने त्यांचा हात धरला.

"आयला नका सांगू."

"मग काय सांगू तिला?"

"काळीज बंद पडलं म्हना."

"अरे, ती म्हणेल मी मारला."

मुरारीने हात सोडला नाही. डॉक्टर त्या हाताकडे बघत राहिले. "चूक माझीपण आहे," ते म्हणाले. "का नको, ते मी सांगायला पाहिजे होतं." मग ते बाहेर गेले आणि साळूबाईला म्हणाले, की काळीज बंद पडलं.

येसाजीला सावित्री नदीच्या काठी अग्नी दिला. तेरावं झाल्यावर साळूबाईने मुरारीला समोर बसवलं. तिचं कपाळ उघडं होतं आणि डोळे रडून रडून कोरडे पडले होते.

"माज्या गळ्याला हात लाव," ती म्हणाली. "त्या खाटकाचा धंदा शिकनार नाय म्हन."

मुरारीला सुटायला एक वाक्य पुरेसं होतं. आये, बा कापल्यानं नाय मेला. पण पुढचं वाक्य आपोआपच आलं असतं, आणि ते ऐकून आई जगली नसती, असं त्याला वाटलं. त्याने गळ्याला हात लावला आणि शपथ घेतली. महाडची पुस्तकं महाडलाच राहिली. पोरगा नांगराला जुंपला गेला, आणि वाडीतले लोक म्हणाले, बरं झालं, आईला आधार झाला.

साळूबाईने मग डॉक्टरांना शिव्या द्यायला सुरुवात केली. जात्यावर बसली की शिव्या, पाणवठ्यावर गेली की शिव्या, न्हाणीत एकटी असली तरी शिव्या. तिच्या तोंडून ऐकून ऐकून आसपासच्या साऱ्या वाड्यांत झालं, की महाडचा डॉक्टर चांगल्या हिंडत्याफिरत्या माणसाला कापून मारतो. वरच्या अंगाचा एकही माणूस दवाखान्याची पायरी चढेना. एकदा मुरारी मीठ आणायला महाडला गेला तेव्हा बाजारात डॉक्टर समोर आले. मुरारीची मान खाली गेली. डॉक्टरांनी विचारलं, "यंदा भात कसा आहे?" मुरारी म्हणाला, "बरा हाय." डॉक्टर बरं म्हणाले आणि निघून गेले. त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर मुरारीला सोसलं असतं.

दीड वर्षाने, वैशाखात, शेजारच्या मोरूची बायको मैना अडली. पहिलंच बाळंतपण. मोरूची आई ठकूबाई स्वतः सुईण, निम्मी वाडी तिच्या हातांवर जन्मलेली. पण आदल्या दिवशीपासून ती झटत होती आणि मूल काही येत नव्हतं. दुपारी ती बाहेर आली आणि ओटीवर बसून राहिली.

"आडवं हाय," ती म्हणाली. "माज्या हातात नाय आता."

मुरारी म्हणाला, "महाडला न्हेऊ या. डोली बांधू, खाली पोलादपुरास्नं मोटर भेटंल."

मोरू उठलासुद्धा. पण अंगणातल्या बाया साळूबाईकडे बघू लागल्या. साळूबाई म्हणाली, "माजा गेला तेवडा पुरे. मरायचंच आसंल तर घरात मरू दे तिला. त्याच्या सुरीखाली कशाला?" ठकूबाईनेही मान डोलावली. मोरू पुन्हा खाली बसला. घरातून मैनेचं कण्हणं ऐकू येत होतं.

मुरारीने आईचा हात धरून तिला गोठ्यामागे नेलं.

"आये, बा कापल्यानं नाय मेला."

"मंग?"

"त्या सकाळी तू बाला काय दिला व्हतास?"

"काय देनार? दोन घास दहीभात. घराबाह्येर उपाशी धाडते काय मी?" तिने त्याच्याकडे बघितलं. "का रं?"

मुरारीने सांगितलं. गुंगीत उलटी कशी होते, भात श्वासाच्या नळीत कसा जातो, डॉक्टरांनी किती झटून बघितलं. सांगताना तो रडत होता, आणि डोंगराएवढं ओझं उतरण्याऐवजी वाढतच होतं. शेवटी साळूबाई गोठ्याच्या खांबाला धरून हळूहळू खाली बसली.

"तुला कवापास्नं ठाव हाय?"

"त्याच दिसापास्नं."

तेवढ्यात मोरूच्या घरातून मैनेची किंकाळी आली. साळूबाई उठली. मुरारीला वाटलं, आता ती विहिरीकडे जाईल, आणि तो तिच्या आडवा झाला. पण तिने त्याला बाजूला केलं आणि सरळ अंगणात गेली.

"डोली बांधा रे," ती म्हणाली.

लोकांना वाटलं, हिला काही झालं की काय. पण मोरूला तेवढंच हवं होतं. बांबू आले, घोंगडी आली, मैनेला आत निजवलं. आणि ठकूबाई रीतीप्रमाणे वाटी घेऊन पुढे आली. तूपभात होता, अडलेल्या बाईला ताकद हवी म्हणून पातळ कालवलेला.

साळूबाईने ती वाटी धरली. "नको देऊ, ठके."

"पहिलटकरीन हाय गो. उपाशी धाडू?"

"उपाशीच धाड." साळूबाईचा आवाज साऱ्या अंगणाला ऐकू गेला. "मुरारीच्या बाला मी जेवू घालून धाडला. डाक्तरनं नाय, मी मारला त्यांना. पानीबी नको देऊ कोन तिला."

ठकूबाईने वाटी मागे घेतली.

डोलीला एक खांदा कमी पडत होता. मुरारीला आईपाशी बसायचं होतं, तिचे पाय धरायचे होते. पण डोली तशीच जमिनीवर होती आणि तिच्यात मैना होती. साळूबाई म्हणाली, "जा." तो गेला. उतारावर वळून बघायला सवड मिळाली नाही. बघायचा धीरही झाला नसता.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोलीकडे बघितलं, मग मुरारीकडे.

"पोटात काही आहे?"

"नाय. आयनं देऊ दिलं नाय."

डॉक्टरांना सगळं समजलं. ते म्हणाले, "आत ये. भिंतीशी उभा राहा."

मुरारी उभा राहिला. या वेळी टेबलावर कोण आहे, हे तो एक क्षणही विसरला नाही. मूल गेलेलंच होतं. मैना वाचली. डॉक्टरांनी शेवटचा टाका घातला तेव्हा ती शांत श्वास घेत होती, आणि मोरू पायरीवर बसून बाईसारखा हुंदके देत होता.

दुसऱ्या दिवशी मुरारी वाडीवर परतला. साळूबाई ओटीवर बसली होती. चूल थंड होती, पण ती होती, जिवंत होती. तो तिच्याशेजारी बसला.

"मैना?" तिने विचारलं.

"जगली. पोर नाय."

"बाई जगली ना. बरं झालं."

समोरच्या उतारावर पेरणीसाठी राब भाजलेली शेतं काळी दिसत होती.

"तुजी शपत सोडली मी," ती म्हणाली. "जा, शीक. मंबईला जा, डाक्तर हो. तुज्या बाला व्हवा व्हतास तसा."

मुरारीला जे हवं होतं, ते त्याला मिळालं. तो गुडघ्यात तोंड घालून रडला. साळूबाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. ती समोर बघत बसली होती.

"दीड वरीस त्या डाक्तरला शिव्या घालून जगले रे," ती म्हणाली. "तेवडाच आधार व्हता. सकाळी उटले की त्याला शिव्या द्यायच्या, मंग दीस सरायचा." ती थांबली, आणि मग अगदी साधेपणाने, खरोखर उत्तर हवं असल्यासारखं तिने त्याला विचारलं, "आता मी सकाळी उटून काय करू, मुरारी?"